चौथ्या धड्यातले हात

जेवणाची सुट्टी संपायला वीसेक मिनिटं होती, तेव्हा देवेंद्र कटरे व्हीआर लॅबची किल्ली बोटाभोवती फिरवत जिन्याकडे निघाला. काम साधंच होतं. आठ हेडसेट चार्जिंगवरून काढायचे, मऊ कापडाने त्यांच्या काचा पुसायच्या, मोठ्या पडद्याची वायर जोडायची आणि तीन वाजता नागपूरची समिती आली की हसऱ्या तोंडाने दारात उभं राहायचं. कॉलेजात सगळे त्याला कटरे सर म्हणत. आपण देवेंद्रच म्हणू. पुढचं ऐकल्यावर 'सर' म्हणायला तुमचीही जीभ वळणार नाही.

डिसेंबर होता. धान निघालेलं, गोंदियाच्या आसपासच्या राईस मिल भरात चाललेल्या आणि कोंड्याची काळी राख वाऱ्याबरोबर येऊन कॉलेजच्या खिडक्यांवर बसत होती. ऊन छान होतं. आवारात पोरं डबे उघडून बसली होती. भुताखेताची गोष्ट सुरू व्हावी असं त्या दुपारी काहीसुद्धा नव्हतं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर दुर्पता बसली होती. बकाराम मडावीची बायको. अकरा महिन्यांपूर्वी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये प्रेसखाली हात जाऊन जो मेला, तो बकाराम. चिचगडहून दोन गाड्या बदलून ती आली असणार, कारण पायांवर धूळ होती आणि पिशवीतली भाकर तशीच बांधलेली होती. देवेंद्रला पाहून ती उठली.

"आजच कायले आल्या, बाई?" त्याने घड्याळ पाहिलं. "बाहेरचे लोक येऊन राहिले आज."

"तुमी म्हणलं होतं, तो धडा काढून टाकतो म्हणून."

"काढला ना. कधीचाच काढला."

"नाही काढला, सर." तिचा आवाज चढला नाही. "पोट्टे अजूनबी पाहतेत. माह्या पोरीले विचारतेत, तुहा बाप असाच मेला का म्हणून."

देवेंद्रने इकडेतिकडे पाहिलं. ऐकायला कोणी नव्हतं.

"आमच्यात माणूस गेला का नदीवर जाऊन त्याचा जीव घरी आना लागते," दुर्पता म्हणाली. "मंग तो घरच्या देवांत बसते. तीनदा गेलो आमी नदीवर. गावची पूजा पाहनारा भुमक म्हणते, बाकीचा मानूस येते, पन हात येऊन नाही राहिले. हात अजून ड्युटीवर हायेत म्हणते."

"हे पहा, ते कॉम्प्युटरचं चित्र आहे. त्याच्यात कोणाचे हात-बीत नाहीत. समिती जाऊ द्या, मग बोलू आपण."

"मले काहीच नको तुमच्यापासून. त्यायचे हात सोडा. अन् बांधलं कोनं, तेवढं एकदा खरं सांगा."

देवेंद्र जिना चढायला लागला होता. 'बांधलं' हा शब्द ऐकून त्याचा पाय क्षणभर पायरीवर अडखळला, पण त्याने मागे पाहिलं नाही. बांधलं कोणी, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक जमिनीखाली होता.

आता हे बांधण्याचं प्रकरण काय, ते सांगतो.

आपल्याकडच्या कॉलेजात रोबोट नसतात, कॉम्प्युटरवर चालणारी मोठी सीएनसी मशीन नसतात. ती पाहायला पोरांना पुण्याला न्यावं लागतं, तेही जमलं तर. म्हणून ही व्हीआर लॅब आली. चष्म्यासारखा डबा डोळ्यांवर चढवला की पोरगं गोंदियात उभ्या उभ्या आधुनिक कारखान्यात शिरतं. मान वळवली की कारखाना वळतो, हात पुढे केला की तिथला हात पुढे होतो. पहिले तीन धडे कंपनीने तयार दिले होते. रोबोटची वेल्डिंग, सीएनसीचं काम, जोडणीची लाईन. चौथा धडा देवेंद्रने स्वतः करायला घेतला. आपल्याच वर्कशॉपमधली, पत्र्यावर ठोका मारून त्याला आकार देणारी पॉवर प्रेस आणि तिच्यावर काम करणारे खऱ्या कसबी कारागिराचे हात. कल्पना खरोखर चांगली होती, हे मान्य करायला हवं. माणूसच तेवढा चांगला नव्हता.

कारागीर म्हणजे बकाराम. सव्वीस वर्षं वर्कशॉपमध्ये. त्याची एक शिस्त होती. प्रेसचा ठोका पाडण्याआधी तो मोठ्याने विचारायचा, "हात?" आणि सगळ्या वर्गाने ओरडायचं, "बाहेर!" उत्तर आल्याशिवाय बकाराम ठोका पाडत नसे. एखाद्या दिवशी एकच पोरगं असलं तरी त्यालाही ओरडावं लागे. पोरं हसायची, नकला करायची, पण सव्वीस वर्षांत त्या प्रेसवर कोणाचं नख तुटलं नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी वर्कशॉपमध्ये दोघंच होते. बकारामच्या हातांत हालचाल टिपणारे वायरवाले हातमोजे होते आणि समोर तीन कॅमेरे. प्रेसला पुढे लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात बाहेरच राहतात. पण जाळीमुळे कॅमेऱ्याला हात नीट दिसेनात.

"जाळी काढा," देवेंद्र म्हणाला. "अन् एक बटण दाबून बांधून टाका. उजवा हात मोकळा दिसला पाहिजे."

"नाही जमत, सर. जाळी काढून मी मशीन चालवत नाही."

"दोन मिनिटाचं काम आहे, बकारामभाऊ. कंपनीले आजच पाठवायचं आहे."

बकाराम हलला नाही. तेव्हा देवेंद्रने स्वतःच पाने घेऊन जाळी उतरवली, खिशातला रुमाल काढला आणि उजवं बटण दाबून करकचून बांधलं. "आता भीती वाटते काय?" असंही वर म्हणाला. एवढ्या वर्षांच्या कारागिराला पोरासारखं हिणवलं, म्हणून बकाराम पत्रा लावायला बसला. दोन ठोके नीट पडले. तिसऱ्या वेळी सरकलेला पत्रा नीट लावायला दोन्ही हात आत असतानाच त्याचं कोपर मोकळ्या बटणावर पडलं.

गोंदियाच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो गेला. पण त्याच्या आधी, आवाज ऐकून धावत आलेल्या पोरांनी त्याला उचलून गाडीकडे नेलं तेव्हा, मागे एकटा राहिलेल्या देवेंद्रने रुमाल सोडला, खिशात घातला आणि बटणाच्या फटीत लाकडाची चिपटी ठोकून दिली. चौकशीत त्याने सांगितलं, कामगाराने लवकर काम उरकायला स्वतःच जाळी काढली, स्वतःच चिपटी मारली. सगळ्यांनी ते खरं मानलं. आणि इतक्यावर न थांबता त्याने तेच रेकॉर्डिंग चौथा धडा म्हणून लॅबमध्ये लावलं. शेवटी लाल अक्षरं यायची: 'कामगाराचा निष्काळजीपणा. ही चूक तुम्ही करू नका.' मेलेल्या माणसाच्या हातांना तो रोज, दर तासाला, त्यांनी न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायला लावत होता. याचा मला आजही संताप येतो.

लॅबचं कुलूप उघडलं तेव्हा आत वास होता. गरम झालेलं मशीनचं तेल आणि त्याच्याखाली बिडीचा शिळा धूर. वरच्या मजल्यावर मशीन नव्हतं आणि पाहुणे येणार म्हणून महिनाभर खोलीत बिडीच काय, उदबत्तीलाही बंदी होती. देवेंद्रने खिडक्या उघडल्या. हेडसेट पुसायला घेतला, तर काचेवर काळ्या तेलाचा अंगठा उमटलेला. दुसऱ्यावरही तसाच. आठही काचा पुसून होईपर्यंत पांढरं कापड वापरण्यासारखं राहिलं नाही. कोंड्याची राख, असं त्याने मनाशी ठरवलं आणि कापड टेबलाच्या खणात कोंबलं.

"सर, येऊ का?"

खुशबू दारात होती. तिसऱ्या वर्षाची, सालेकशाची, वर्गात सगळ्यांत हुशार. समितीपुढे हेडसेट घालून दाखवायचं काम तिचं होतं.

"ये. वायर लाव पडद्याची. चौथा लेसन दाखवायचा आहे."

ती जागची हलली नाही. "सर, चौथा नका लावू ना."

"काऊन?"

"त्याच्यात... आता पहिल्यासारखं होत नाही." ती दाराच्या चौकटीला नख लावत बोलत होती. "काका आता हात आत घालतच नाही. पत्रा लावते अन् थांबून जाते. मग विचारते."

"काय विचारते?"

"हात? असं विचारते. आम्ही 'बाहेर' म्हटलं का धडा बंद पडते. दिवाळीपासून असंच होऊन राहिलं, सर. सगळ्या बॅचला माहीत आहे."

"त्याच्यात आवाज रेकॉर्डच नाही," देवेंद्र म्हणाला. "फक्त हातांची हालचाल आहे. समजलं? पागलपणा नको करू."

"आम्हाले काही करत नाही तो," खुशबू घाईने म्हणाली. "उलट ओमेशने एकदा मुद्दाम हात पुढे नेला, तर त्याचा हात मागे ओढला कोणीतरी. पण रोज शेवटी थोडा वेळ थांबते. कोणाची तरी वाट पाहून राहते, असं वाटते."

देवेंद्रला घाम आला होता आणि त्याचा त्याला राग आला. तीन वाजायला पाऊण तास होता. आज ही लॅब पसंत पडली तर अख्ख्या विभागाचं प्रशिक्षण केंद्र इथे येणार होतं आणि केंद्रप्रमुख म्हणून त्याचं नाव प्राचार्यांनी आधीच कळवलं होतं. पोरांच्या असल्या गप्पांपायी ते हातचं जाऊ देणारा तो माणूस नव्हता. त्याने वायर स्वतःच जोडली, पडदा सुरू केला आणि हेडसेट डोळ्यांवर चढवला.

वर्कशॉप समोर आलं. तीच जाळीची खिडकी, तोच भिंतीवरचा रंग, मध्ये हिरवी प्रेस. धड्यात पाहणाऱ्याला राखाडी, गुळगुळीत, बाहुलीचे असावेत तसे हात दिसायचे. ते त्यानेच निवडले होते. आता समोर होते ते काळे, जाड बोटांचे होते. नखांच्या कडेला तेल जिरलेलं. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं.

हातांनी पत्रा उचलला, प्रेसमध्ये लावला आणि थांबले.

देवेंद्र वाट पाहत राहिला. मशीनच्या चाकाची घरघर ऐकू येत होती. प्रश्न येईल, आपण उत्तर देऊ, धडा बंद पडेल आणि मग कंपनीला फोन करून दुरुस्त करून घेऊ, असं त्याने मनात जुळवलं होतं. पण प्रश्न आला नाही.

"बाहेर," तो आपणहून म्हणाला. मग मोठ्याने, "बाहेर!"

काहीच झालं नाही. पोरांना तो विचारत होता, कारण पोरांना वाचवायचं होतं. देवेंद्रला कोणी विचारलं नाही.

मग प्रेसच्या पलीकडून एक माणूस चालत आला. रेकॉर्डिंगमध्ये तिथे कोणी नव्हतं. निळा चौकडीचा शर्ट, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. तो जवळ आला तेव्हा देवेंद्रने स्वतःला ओळखलं. बकारामला तो जसा दिसला असेल तसा, खालून, बसल्या जागेवरून. ओठ हलले आणि त्याचाच आवाज आला.

"दोन मिनिटाचं काम आहे, बकारामभाऊ."

त्या माणसाने जाळी उतरवली. खिशातून रुमाल काढला.

देवेंद्रने हेडसेट ओढून काढायला हात उचलले. हात वर आलेच नाहीत. त्या काळ्या हातांबरोबर त्याचेही हात पुढे पसरले होते, तळवे खाली, बोटं थोडी वाकलेली. खांद्यापासून जोर लावला तरी कोपराच्या पुढे त्याचं काही चालेना.

त्याच वेळी मागे लॅबचं दार उघडल्याचा आवाज झाला. बरीच पावलं. प्राचार्यांचं "या, या, ही आमची..." अर्ध्यातच तुटलं. समिती वेळेआधी आली होती. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की तो जे पाहतोय ते समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर सगळे पाहत आहेत.

"खुशबू... वायर काढ..." तो पुटपुटला. "वायर काढ..."

"काढली, सर." तिचा आवाज रडवेला होता. "कधीचीच काढली..."

पडद्यावरच्या देवेंद्रने बटणाला रुमाल गुंडाळला, गाठ मारली, ओढून पाहिली. "आता भीती वाटते काय?" तो म्हणाला आणि हसला. खरं तर तो त्या दिवशी हसला होता, हे देवेंद्रला आठवत नव्हतं.

पहिला ठोका पडला. जमीन हादरल्याचं त्याला तळपायांत जाणवलं. हातांनी पत्रा काढला, नवा लावला. दुसरा ठोका. कोणीतरी त्याच्या मागे येऊन उभं राहिलं होतं. बिडीचा वास अगदी मानेजवळ आला.

"बकारामभाऊ..." देवेंद्र म्हणाला. "मी सांगतो... सगळं सांगतो... मीच बांधलं होतं..."

"ऐकलं सगळ्यायनं," आवाज कानाशी म्हणाला. थकलेला, रोजचाच आवाज. "उठतो आता मी. माही सुट्टी झाली, सर. बसा तुमी."

तिसरा ठोका पडला तेव्हा देवेंद्रची किंकाळी खाली आवारापर्यंत ऐकू गेली.

हेडसेट काढला तेव्हा त्याचे दोन्ही हात जसेच्या तसे होते. ना जखम, ना ओरखडा. ते दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि त्याला ते आपले वाटत नव्हते. समितीतले दोघे भिंतीला टेकून उभे होते. दारात दुर्पता होती. सगळ्यांबरोबर तीही वर आली होती. तिने देवेंद्रच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, फक्त हातांकडे पाहिलं, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि जिना उतरून गेली.

पुढचं सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं. इतक्या माणसांपुढे दिलेली कबुली मागे घेता येईना. नोकरी गेली, चौकशी पुन्हा उघडली, कॉलेजने बकारामच्या घरी जाऊन चूक त्याची नव्हती असं लिहून दिलं. चौथा धडा तपासायला तज्ज्ञ आले, त्यांना त्यात रिकामं वर्कशॉप सापडलं. हात कुठेच नव्हते. आणि पंधरा दिवसांनी खुशबूकडून कळलं, की मडावींकडचे लोक चौथ्यांदा नदीवर गेले आणि या वेळी जीव घरी आला. चिचगडला सगळ्या गावाला जेवण होतं.

देवेंद्रच्या हातांना मात्र काही कळत नव्हतं. गोंदियाच्या आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या. सगळ्या शिरा चांगल्या निघाल्या. बायको दिव्या त्याला घास भरवायची, पाणी पाजायची. रात्रभर हात मेल्यासारखे पडून असायचे.

सकाळी दहा वाजले की ते उठायचे.

आपोआप. खाटेवर बसलेल्या देवेंद्रसमोर हवेत पुढे व्हायचे, काहीतरी उचलायचे, लावायचे, दाबायचे, काढायचे. दिव्याने पहिल्या दिवशी धरून ठेवले, तर तिलाच फरफटत नेलं त्यांनी. दीडला अर्धा तास थांबायचे. पाचला खाली पडायचे. रविवारी सुट्टी. संध्याकाळी दिव्या साबणाने ते धुवायची तेव्हा पाणी काळं व्हायचं आणि तेलाचा तवंग यायचा, जरी त्या हातांनी दिवसभर हवेशिवाय कशालाच शिवलेलं नसे.

महिनाभराने देवेंद्रला आणखी एक गोष्ट दिसली. हात रोज थोडे जास्त आत जात होते. काल जिथे थांबले त्याच्यापुढे आज बोटभर. किती आत गेल्यावर काय होतं, हे त्याच्याइतकं नीट कोणाला माहीत होतं? तो रडला, दिव्याच्या पाया पडायला वाकला. शेवटी रविवारी तिने नीलेशला, म्हणजे त्याच्या भावाला बोलावलं आणि दोघांनी मिळून खाट अशी फिरवली, की देवेंद्रचं तोंड भिंतीकडे, गुडघे भिंतीला टेकलेले. हातांना पुढे जायला जागाच उरली नाही.

सोमवारी दहाला हात उठले. पुढे झाले आणि भिंतीपाशी थांबले नाहीत. रंगवलेल्या भिंतीत मनगटापर्यंत गेले. ना पोपडा पडला, ना तडा गेला.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा देवेंद्रला बोटांत काहीतरी जाणवलं. गार, तेलकट लोखंड.

"दिव्या..." तो म्हणाला. "दिव्या, ओढ मला..."

तिने त्याच्या कमरेला मिठी घालून सगळा जोर लावला. हात सुटले नाहीत. तेव्हा तिने घाबरत भिंतीला कान लावला. आत मोटार सुरू होती.